अंगणातल्या प्रयोगांबद्दल

प्रिय छोटू,
अनेक आशीर्वाद.

आई फोनवर म्हणाली, तू प्रयोगाचं सामान घरातून उचलून अंगणात मांडलंस. "बाहेर हवा खेळती असते, काही होत नाही," असं तिला सांगितलंस म्हणे. याच भरवशावर मी एकदा भाजून घेतलंय, म्हणून लगेच लिहायला बसले.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी मैत्रिणी इथे उघड्यावर स्पिरिटचा दिवा लावून काम करत होतो. भर दुपार होती. दिवा विझलाय असं वाटून मी बाटलीतून स्पिरिट ओतायला गेले. तो विझलेला नव्हता. लख्ख उन्हात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही रे! धारेवरून जाळ वर चढला, हातातली बाटली सुटली, मनगट भाजलं. बाटलीत तळाशीच काय ते उरलं होतं, म्हणून निभावलं. आता झाकण घालून दिवा विझवते, तो पुरता गार होऊ देते, मगच बूच काढते. तूही तसंच कर.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं हे तुला ठाऊक असेल, पण वारा मध्येच फिरतो. जवळ एखादी चिंधी टांगून ठेव, म्हणजे कळेल. आणि सगळेच वायू उडून जात नाहीत. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, तो खळग्यात साचतो. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया मिसळलं की असे विषारी वायू सुटतात, म्हणून ते अंगणातही मिसळायचं नाही. यावर मी वाद घालणार नाही.

साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल घाल. नळाला नळी जोडून पाणी येतंय ना, ते आधीच बघ. डोळ्यात काही उडालं तर पापण्या उघड्या धरून निदान १५ मिनिटं सतत धुवायचं आणि तडक डॉक्टरांकडे जायचं. एकटा असताना तर काही सुरूच करू नकोस.

उरलेलं मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचं, पाणी तू झाडाच्या बुंध्याशी ओततोस, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तांबं मातीतून जात नाही, गांडुळांना ते बाधतं, आणि वाहून पाण्यात गेलं तर माशांना. ते बरणीत साठव, वर नाव लिही, आणि शाळेतल्या रसायनशास्त्राच्या सरांना विचार.

पुढचा प्रयोग कोणता आणि कशात काय मिसळणार आहेस, ते मला आधी कळव. माझं उत्तर येईपर्यंत थांब.

तुझी,
ताई