माइनक्राफ्टमधलं जुनं घर पाडू नका, दुरुस्त करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात व्हिडिओ गेमबद्दल जे येतं ते बहुतेक वेळा डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो याच अंगाने येतं, त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही, पण माइनक्राफ्ट या ब्लॉक म्हणजे चौकोनी ठोकळे रचून बांधकाम करायच्या गेममधली एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे म्हणून हे पत्र.

मी 2013 पासून एकच वर्ल्ड, म्हणजे गेममधलं एकच सेव्ह केलेलं जग, खेळतोय. गेल्या काही महिन्यांपासून नवीन बांधणं बंद केलंय आणि जुनीच बांधकामं एकेक करून हातात घेतलीत. सुरुवात पहिल्या घरापासून. घर म्हणजे काय, सात बाय सात ब्लॉकचा कॉबलस्टोनचा (खडबडीत दगडाचा) ठोकळा, भिंती सपाट, वर फळ्यांचं छप्पर आणि क्रीपर, म्हणजे जवळ येऊन स्फोट करणारे राक्षस, येऊ नयेत म्हणून जमिनीवर जिकडेतिकडे खोचलेले टॉर्च. आत पलंगाशेजारी एक पाटी आहे, "दादा दार लाव". धाकटी बहीण आठ वर्षांची असताना तिने ती टाइप केली होती.

असं घर दिसलं की बरेच जण सरळ पाडून टाकतात. मीही 2016 मध्ये समुद्राकाठचा माझा टॉवर असाच पाडला आणि तिथे मोठा किल्ला बांधला. किल्ला छान झालाय, पण टॉवर कसा होता ते आता आठवतच नाही, एक स्क्रीनशॉटसुद्धा नाही, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

म्हणून यावेळी आधी वर्ल्डच्या फोल्डरची कॉपी काढून ठेवली, हे प्रत्येकाने करावंच. मग कोपऱ्यांत साल काढलेल्या ओकचे खांब भिंतीच्या एक ब्लॉक बाहेर उभे केले, खिडक्या एक ब्लॉक आत घेतल्या, आणि तेवढ्यानेच भिंतीवर सावली पडायला लागली, घराला घरपण आलं. कॉबलस्टोन सगळा काढला नाही, त्यातच मधूनमधून अँडेसाइट हा करडा दगड आणि शेवाळलेला दगड बसवला, खाली जास्त वर कमी, कारण ओल जमिनीकडूनच चढते ना. छप्पर पायऱ्यांच्या ब्लॉकने उतरतं करून भिंतीच्या पुढे काढलं. पाटीला हात लावला नाही.

टॉर्चचं मात्र आधी कळलंच नव्हतं. पूर्वी गेममधल्या उजेडाची पातळी 7 किंवा त्याच्या खाली गेली की राक्षस यायचे, 2021 च्या 1.18 अपडेटपासून ते पूर्ण अंधारात म्हणजे 0 वरच येतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त टॉर्च काढता आले आणि त्यांच्या जागी 2019 मध्ये आलेले कंदील छताला टांगले. 1.18 च्याच अपडेटने जग खाली 64 ब्लॉक खोल गेलं. माझ्या जुन्या खाणीच्या तळाला बेडरॉक हा न फुटणारा दगड होता, पुढे रस्ताच नव्हता, आता तिथे डीपस्लेट हा खोलातला, खणता येणारा काळसर दगड लागतो. शिडी तिथूनच खाली उतरवली. नवीन वर्ल्ड सुरू केलं असतं तर जुन्या खाणीखाली अख्खा नवा थर सापडण्याचा तो आनंद मिळालाच नसता.

गेममध्ये नवीन ब्लॉक येतच राहतात आणि प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सुरू करायचा मोह होतो, पण जुन्या घरात आपण तेव्हा कसे खेळत होतो ते सगळं दिसतं, म्हणून मूळ आकार ठेवून त्याच्यावरच काम करावं असं मला फार वाटतं.

आणि पालकांना एक कळकळीची विनंती, मोबाइल किंवा कॉम्प्युटरची जागा भरली म्हणून मुलांचं जुनं वर्ल्ड त्यांना न विचारता डिलीट करू नका, एका पेनड्राइव्हवर काढून ठेवा, ते सहज मावतं.

आपला,
एक नियमित वाचक