जागरूक नागरिकाने अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

सरकार सगळेच करू शकत नाही, समाज बदलायचा असेल तर प्रत्येक नागरिकाने राजकीयदृष्ट्या जागरूक होऊन आपली जबाबदारी उचलली पाहिजे, असे आपण नुकतेच बेळगावातील एका कार्यक्रमात सांगितले. टाळ्याही भरपूर पडल्या. मीही त्या वाजवल्या असत्या, परंतु त्या वेळी वडगाव शिवारातील माझे भात बळ्ळारी नाल्याच्या पाण्याखाली होते. पावसाळ्यापूर्वी नाल्यातील गाळ आणि जलपर्णी काढू, असे ज्या बैठकीत सांगण्यात आले होते, त्या बैठकीला मी हजर होतो. यंत्र आले, पुलाजवळचा थोडा गाळ उपसून काठावरच टाकला गेला, छायाचित्रे निघाली आणि यंत्र परत गेले. पहिल्या मोठ्या पावसात तो गाळ पुन्हा नाल्यात गेला आणि नाला आमच्या शेतात आला.

कुरीने पेरलेले, भांगलून स्वच्छ केलेले आणि फुटव्यावर आलेले पीक आठवडाभर बुडून राहिले की पुढे काय होते, हे आपल्याला कुणी दाखवले नसावे. पाणी ओसरल्यावर पातींवर शहराच्या गटारांचा काळा साका बसलेला असतो, बांधाला प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल चिकटलेले असते आणि रोप दोन बोटांत धरून उचलले तर मुळे चिखलातच राहून नुसता कुजका दांडा हातात येतो. याच भागातल्या बासमतीचे कौतुक पाहुण्यांसमोर करताना आपल्या पुढाऱ्यांना भरून येते. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक आहे असे पंचनाम्यात ठरले, तर केंद्राने 2022 मध्ये ठरवलेल्या आपत्ती निवारणाच्या निकषाने जिरायती पिकाला हेक्टरी 8,500 रुपये मिळतात, म्हणजे गुंठ्याला साधारण 86 रुपये. एवढ्या पैशांत भांगलणीला एक बाई अर्धा दिवसदेखील येत नाही. तेही दोन हेक्टरांपर्यंतच. अर्थात आमच्याकडे दोन हेक्टर आहेत कुणाकडे, हा भाग वेगळा.

तरीही आपल्या शब्दाला मान देऊन मी जागरूक झालो. उतारा आणि छायाचित्रे जोडून मराठीतून अर्ज लिहिला आणि तो घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने तो न वाचताच परत सरकवला आणि कन्नडमधून लिहून आणा, असे सांगितले. देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेतून गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क घटनेच्या कलम 350 ने प्रत्येकाला दिला आहे, असे मी म्हणालो, तेव्हा ते बेंगळूरला जाऊन सांगा, असे उत्तर मिळाले. माझे कन्नडशी भांडण नाही. बाजारात आणि बांधावर मी ती रोज बोलतो. माझ्या शेजारच्या कन्नड भाषिक शेतकऱ्याचेही भात माझ्याबरोबरच बुडाले. त्याचा अर्ज मात्र घेतला गेला, पोचही मिळाली आणि त्यानंतर त्याचेही काही झाले नाही. निष्क्रियतेच्या बाबतीत तरी आपले शासन भाषाभेद करत नाही, एवढे समाधान आम्ही दोघांनी मानून घेतले आहे.

आमच्या लोकांचेही चुकते, हे मी नाकारत नाही. साडी आणि कुकर घेऊन मत देणारे आमच्याच गल्लीत आहेत. ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा व्हावी असा कायदा असला, तरी घरकुलाच्या यादीत आपले नाव आले की बहुतेक जण उठून जातात आणि न झालेल्या चर्चेच्या ठरावाखाली मागाहून सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. पण मत विकू नका असे सांगणाऱ्यांनी निदान मतपेटी तरी वेळेवर मांडावी. जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या 2016 मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत 2021 मध्ये संपली, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे कलम 243-ई सांगत असतानाही, कधी मतदारसंघांच्या रचनेचे तर कधी आरक्षणाचे कारण देत कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांकडे राहिला. बेळगाव महापालिकेतही 2019 ते 2021 या काळात लोकनियुक्त सभागृह नव्हते. नाल्याबद्दल जाब विचारायला सदस्यच नसेल, तर आमची ही राजकीय जाणीव आम्ही कुणापुढे पाजळायची?

2012 मध्ये सुमारे चारशे कोटी रुपये खर्चून बेळगावजवळ महामार्गाच्या कडेला सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाचे दुसरे विधान भवन, उभा राहिला, त्यामुळे सरकार आपल्या दारी येईल असे आम्हाला वाटले होते. हिवाळी अधिवेशनाचे मोजके दिवस ते येते खरे, पण पोलिसांच्या अडथळ्यांमागे. गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांना लांबच्या तंबूत बसवले जाते. पलीकडचे महाराष्ट्र सरकारही काही वेगळे नाही. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला सीमादावा त्याला सोयीच्या वेळी आठवतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. पुढच्या मे अखेरीपर्यंत नाला उगमाकडून संगमापर्यंत साफ व्हावा, काढलेला गाळ काठावर न ठेवता हलवला जावा, कामाचा खर्च आणि जबाबदार अभियंत्याचे नाव पुलावर फलक लावून कन्नड व मराठीत लिहावे आणि मराठी अर्ज पोच देऊन स्वीकारण्याचा लेखी आदेश प्रत्येक खिडकीपर्यंत पोहोचावा. जागरूकतेवरचे आपले पुढचे व्याख्यान जुलैमध्ये, त्याच पुलावर ठेवावे. ध्वनिक्षेपकाचा खर्च आम्ही शेतकरी वर्गणी काढून करू.

आपला,
वडगाव शिवारातील एक भातशेतकरी