आण्णा, आईला हे वाचून दाखवा

आण्णा, नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की टीव्हीवर कुठल्या तरी टँकर जहाजाचं तेल सांडलेलं दाखवलं आणि तिला झोप नाय, तेवढ्यात नेटवर्क गेलं, म्हणून लिहितोय.

आम्ही दुबईकडच्या फुजैरा बंदराच्या बाहेर नांगर टाकून उभे आहोत. जहाज ३३० मीटर लांब, ६० मीटर रुंद, पोटात २० लाख बॅरल क्रूड, म्हणजे कच्चं तेल. पाकणीच्या डेपोतनं २० हजार लिटरचा टँकर निघतो ना, तसले जवळजवळ १६ हजार टँकर! 

आता मुद्द्याचं. आमचं जहाज डबल हलचं आहे, म्हणजे तळाला आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पत्रे, बाहेरच्याला समुद्र लागतो, आतल्याला तेल, आणि मधे ३ मीटरच्या आसपास जागा. तिथं तेल भरतच नाहीत, जहाज रिकामं असलं की समुद्राचं पाणी घेतो, नायतर ते हलकं होऊन फार वर येईल. खडकाला घासून बाहेरचा पत्रा फाटला तरी आतला तेल धरून ठेवतो. १९८९ ला अलास्कात एक्झॉन वाल्डेझ खडकावर चढलं, त्याला एकच पत्रा, ११ पैकी ८ टाक्या फुटल्या, सुमारे ३७ हजार टन तेल समुद्रात. त्यानंतर अमेरिकेनं १९९० ला कायदा केला, आणि जुलै १९९३ नंतर ऑर्डर दिलेल्या मोठ्या टँकरला जगभर हे सक्तीचं झालं. फारच जोराची धडक बसली तर दोन्ही फाटू शकतात, ते लपवत नाय तुमच्यापासून.

पण खरी काळजी त्या मधल्या जागेची असते ओ. खारं पाणी येतं-जातं, रंग सुटतो, गंज धरतो, आणि आतल्या पत्र्याला बारीक चीर गेली तर गॅस तिथंच साठतो. आत्ता तेल भरलंय म्हणून ती जागा रिकामी आहे, तर मागच्या आठवड्यात चीफ ऑफिसरसोबत मी आत उतरलो. तुम्ही मागावरनं उतरलेल्या चादरीवर हात फिरवून गाठ हुडकायचा ना, तसाच वेल्डिंगवर हात फिरवत होतो आणि तळहाताएवढा गंज सापडला, दुसऱ्या दिवशी खरवडून रंग दिला. लय बरं वाटलं.

आईला सांगा, आधी पंख्यानं हवा खेळवतात, मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्के दिसल्याशिवाय कुणी आत जात नाय, आणि तोंडाशी एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभाच असतो.

गड्ड्याच्या जत्रेला यायला जमणार नाय, मार्चमध्ये सुटी आहे. शेंगा चटणी संपली, तेवढी करून ठेवायला सांगा.

तुमचा,
बाळू