भंडारदऱ्याला यायचं, तर आधी महिना ठरव

प्रिय मित्रा,

तुझी यादी वाचली. पंधरा ऑगस्टला जोडून मिळणारे चार दिवस, आणि त्यात कळसूबाई, रतनगड, सांदणदरी, हरिश्चंद्रगड, रंधा धबधबा, शिवाय जमलेच तर काजवे. नकाशावर ही सगळी ठिकाणं अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला एकमेकांना खेटून दिसतात, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण या मुलखात ठिकाणांच्या आधी महिना ठरवावा लागतो. इथं काय बघता येईल आणि काय जिवावर बेतेल, हे पाणी ठरवतं. तुझ्या यादीतली बहुतेक ठिकाणं ऑगस्टात करण्यासारखी नाहीत.

सांदण तर आत्ताच खोडून टाक. साम्रद गावाच्या बाहेर कातळाला पडलेली ती एक लांबलचक भेग आहे. दोन्ही अंगांना उभ्या भिंती, आणि काही जागी दोन माणसं शेजारून जेमतेम जातील इतकीच रुंदी. भोवतालच्या पठारावरचं पाणी याच भेगेत उतरतं. खाली नुसता बसाल्ट, पाणी जिरवायला माती नाही. त्यामुळे वर जोराची सर आली की आत थोड्याच वेळात लोंढा येतो, आणि बाजूला व्हायला जागाच नसते. म्हणून पावसाळ्यात तिथं कोणी कितीही आग्रह केला तरी उतरायचं नाही. सांदण करायची ती डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हाही सुरुवातीच्या डोहात गुडघ्यापासून कमरेपर्यंत पाणी असू शकतं आणि ते बर्फासारखं गार असतं. पाण्यात अनवाणी उतरू नकोस, तळाचे दगड निसरडे असतात आणि मधल्या फटीत पाय अडकतो. मोजे काढून बूट तसेच ठेवायचे, पलीकडे गेल्यावर बूट निथळून कोरडे मोजे चढवायचे. पुढचा सगळा रस्ता मोठ्या धोंड्यांवरून आहे. प्रत्येक धोंड्यावर आधी अर्धं वजन टाकून बघायचं. हलला तर दुसरा शोधायचा. मुलांना घेऊन पहिल्या दोराच्या टप्प्यापर्यंत जावं आणि आल्या वाटेनं परत फिरावं. तिथून खाली कोकणात उतरणं हे दोर, हेल्मेट आणि जाणत्या माणसांचं काम आहे. भिंतींवर आग्या माश्यांची पोळी असतात, तेव्हा आत धूर नको, आरडाओरडा नको, अत्तराचा फवारा तर नकोच.

काजवेही ऑगस्टात नाहीत. त्यांचा काळ मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, वळवाच्या सरी पडल्यावर आणि मोसमी पाऊस जोर धरेपर्यंत. पुरुषवाडीला किंवा धरणाकाठच्या गावांभोवती सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडं अंगभर लुकलुकतात. हा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद आहे. आपण गाडीचे दिवे किंवा बॅटरी मारली की ती साद पुसली जाते आणि त्या रात्रीची जुळणी हुकते. माद्या बऱ्याचदा खाली गवतात बसलेल्या असतात, म्हणून झाडाखाली शिरून फोटो काढणं म्हणजे त्यांच्यावर पाय देणं. आलास तर गाडी गावातच लाव, रस्त्यावरूनच बघ, आणि मुलांच्या हातात बरणी देऊ नकोस. वाट दिसण्यापुरता लाल कागद लावलेला लहान दिवा पायांकडे धरला तरी पुरतो.

मग ऑगस्टात काय करायचं? भंडारदऱ्याच्या धरणाला वळसा. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघून मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत पुन्हा शेंडी, साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. डोंगरांवरून इतके ओहोळ कोसळत असतात की मोजता मोजता मुलं दमतील. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ या वळशातच येतं. पावसात काळ्या दगडावरचं कोरीवकाम ओलं होऊन ठसठशीत दिसतं, त्यासाठी निदान अर्धा तास ठेव. घाटघरला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखाच सरळ तुटलेला कडा आहे. धुकं असेल तर कठड्याच्या पलीकडे एक पाऊलही नको, कारण धुक्यात कड्याची कड आणि गवत यांतला फरक कळत नाही. गाडी चालवताना दिवे खालच्या झोतावर ठेव. वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांवर परत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर थांबायचं. इथलं पाणी पाऊस थांबल्यावर एक-दोन तासांत उतरतं.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1910 साली बांधायला घेतलं आणि 1926 साली पुरं झालं. अंब्रेला धबधबा या धरणातून पाणी सोडलं तरच छत्रीसारखा पसरतो. खाली प्रवरेवरचा रंधाही धरणाच्या विसर्गावर चालतो. म्हणून आभाळ कोरडं आहे असं बघून रंध्याच्या पात्रात उतरायचं नाही. पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं. कठड्यामागून बघावा, उत्तम दिसतो.

कळसूबाईबद्दल तू सगळ्यात उत्साहानं लिहिलंयस, आणि ते योग्यच आहे: 1646 मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. पण सुट्टीच्या ऑगस्टात नको. ढगात असताना वर तुला देवीचं लहानसं देऊळ आणि पुढच्या माणसाची पाठ, एवढंच दिसेल. शिवाय लोखंडी शिड्यांपाशी रांगा लागतात. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर आले की कुणीतरी कठड्याबाहेरून जायचा प्रयत्न करतो, आणि अपघात ओढवून घेतो. तीच चढाई ऑक्टोबरच्या मध्यानंतर कर. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीनं उभे, दक्षिणेला रतनगड आणि त्यामागे हरिश्चंद्रगड, पायाशी धरणाचं पाणी. इतका मुलूख दुसरीकडे कुठून एका नजरेत येत नाही.

बारी गावातून वाट आहे. मुलांसह चढायला तीन-साडेतीन तास धर, वर एक तास, उतरायला अडीच-तीन. उतरायला चढण्याच्या निम्माच वेळ लागतो असं धरून लोक निघतात आणि शेवटच्या टप्प्यात अंधारात सापडतात. दमलेल्या पायांनी मुरमाड घसाऱ्यावरून उतरताना वेग मिळत नाही. मुलांबरोबर तर नाहीच. सकाळी सहाला निघालास तर दुपारी एक-दीडला गावात भाकरी-पिठल्याच्या ताटावर असशील. जेवणाचं चढण्याआधीच सांगून ठेवायचं असतं.

शिडीची रीत मुलांना खालीच समजावून सांग. चढताना आणि उतरताना तोंड शिडीकडेच. उतरताना पाठ शिडीला लावून जिन्यासारखं उतरायचं नाही, टाच पायरीवरून सटकते. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. एका टप्प्यावर एकच माणूस. वहिनींना सांग, पोंचो नको, वाऱ्यानं तो फुगतो आणि पायाखालची पायरी झाकतो. अंगाबरोबरचं जाकीट घ्यावं. छत्रीचा वर काही उपयोग नाही.

रतनगडही पावसाळ्यानंतरचाच. रतनवाडीहून वाट दाट जंगलातून जाते आणि प्रवरेचा प्रवाह पुनःपुन्हा ओलांडते. नोव्हेंबरात हे ओलांडणं दगडांवरून उड्या मारत होतं, ऑगस्टात तोच प्रवाह छातीत धडकी भरवतो. जंगलात एक फाटा कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे निघतो. चुकणारे तिथेच चुकतात, कारण ती वाटही चांगली मळलेली आहे. ढोरवाटा तर जागोजागी. बाणाची किंवा रचलेल्या दगडांची खूण दहा-पंधरा मिनिटांत दिसली नाही, तर पुढे रेटत जायचं नाही. शेवटची खूण जिथं दिसली तिथं परत यायचं. वरचं नेढं, म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक, मुलांना फार आवडेल. आत वारा इतका असतो की टोपी हातात धरावी लागते.

आता हरिश्चंद्रगड. याच्यासाठी एक मुक्काम वेगळा काढ, आणि जमलं तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरची सुरुवात साध. पाऊस ओसरलेला, पठारावर सोनकी फुललेली, ओढ्यांना पाणी, आणि आभाळ अधूनमधून उघडणारं. वाट पाचनईची घे. दोन-तीन तासांची, बरीचशी कड्याच्या पोटातून जाणारी. खिरेश्वरहून टोलारखिंडीची वाट लांब आहे आणि तिच्यात कातळाचा टप्पा आहे. कोकणातून उभी चढणारी नळीची वाट कुटुंबासाठी नाहीच. पाचनईच्या वाटेवरचे ओढे पाणी गुडघ्याखाली असेल तरच ओलांडायचे. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायचा, म्हणजे पाय घसरला तर पिशवी टाकता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे, आणि एक पाऊल पक्कं झाल्याशिवाय दुसरं नाही. मुलांना मोठ्यांच्या मध्ये, खांद्याला खांदा लावून न्यायचं.

वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ आणि केदारेश्वराची गुहा आहे. गुहेतल्या गार पाण्यात मधोमध मोठं शिवलिंग आहे, भोवतालच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. मुलं पाण्यात उतरायचा हट्ट करतील. तळ दिसत नाही, हात धरून ने. प्यायचं पाणी टाक्यातून घेतलंस तर गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून, आणि गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबून. माणशी तीन लिटर खालूनच आणणं जास्त बरं.

कोकणकड्यावर सगळे सूर्यास्ताला गर्दी करतात. तू सकाळीही जा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी ऊन तुझ्या पाठीवर असतं. खाली दरीत धुकं भरलेलं असेल आणि पाठीमागून ऊन येत असेल, तर तुझी सावली त्या धुक्यावर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं वर्तुळ उमटतं. हेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं 1835 साली इथं ते पाहिल्याची नोंद आहे. गंमत अशी की शेजारी उभ्या असलेल्या दोघांना वर्तुळ आपापल्याच डोक्याभोवती दिसतं, कारण धुक्याच्या थेंबांतून प्रकाश जवळजवळ आल्या दिशेनंच परत फिरतो. मुलांना हे आधी सांगू नकोस, त्यांचं त्यांना सापडू दे. ऊन वर आल्यापासून पहिल्या दोन तासांत शक्यता जास्त. कड्यापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेव. खाली वाकून बघायचंच असेल तर पोटावर झोपून, मागून कुणी पाय धरल्यावर. कडा आतल्या बाजूला कोरलेला आहे, त्यामुळे काठावर उभं असताना पायाखाली किती दगड आहे हे दिसत नाही. देवळापासून कड्यापर्यंतच्या पठारावर धुक्यात दिशा हरवते. जाताना मधूनमधून मागे वळून बघत जा. परतीची वाट उलट्या बाजूनं वेगळी दिसते.

सामानाचं थोडक्यात: प्रत्येकाच्या डोक्याला लावायचा दिवा, सगळ्यांत मिळून एक नव्हे. खजूर, चणे-गूळ, जीवनसत्त्वं नव्हेत तर ओआरएसची पाकिटं. कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकमध्ये बांधलेला. नवे बूट या सहलीत पहिल्यांदा घालू नका. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलाच बूट टिकत नाही, तिथं गवताच्या किंवा खडीच्या कडेनं चालायचं. चढताना फांदीला हात घालण्याआधी बघून घालायचा, पावसात हिरवा चापडा हा विषारी साप त्याच रंगाच्या पानांत वेटोळं करून बसलेला असतो. नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेव, बऱ्याच जागी रेंज नाही. रोख पैसे जवळ असू देत. बराचसा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर पावती फाडावी लागते, आणि मुक्कामाचे नियम तिथेच विचारून घ्यावेत.

माझं मत विचारशील तर ऑगस्टचे चार दिवस दोनावर आण: एक दिवस धरणाचा वळसा आणि रंधा, दुसरा दिवस पावसासाठी राखीव. उरलेली सुट्टी सप्टेंबरअखेरीला हरिश्चंद्रगडासाठी ठेव, आणि सांदण-रतनगड डिसेंबरात एकत्र कर, दोन्हींची गावं एकाच रस्त्यावर आहेत. मुंबईहून येणार असशील तर कसारा किंवा इगतपुरीला उतरून घोटीमार्गे. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. अंधार पडल्यावर घोटी किंवा राजूरच्या पुढे येऊ नका, पावसात वळणांवर दरड आणि गुरं दोन्ही अचानक समोर येतात.

वहिनींशी बोलून तारीख पक्की कर आणि कळव. मुलांची वयं आणि कोण किती चालतं तेही लिही, त्यावरून पाचनईला एक मुक्काम पुरेल की दोन, ते सांगतो.

तुझा,
मित्र