आधी वेगाला आवर घाला, मग कुऱ्हाडीचे बोला

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रस्त्याकडेच्या झाडावर गाडी आदळली, की दुसऱ्याच दिवशी झाड तोडण्याची मागणी होते. गाडी किती वेगात होती, वळणावर फलक होता का, हे कुणी विचारत नाही. ताशी ६० किलोमीटरने आदळणाऱ्या गाडीचा आघात ४० च्या सव्वादोनपट असतो. मग गावातल्या रस्त्यावर आधी वेग कमी करायचा की सावली?

रुंदीकरणात डांबराच्या आत आलेले झाड तसेच ठेवावे, असे मी म्हणत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर गाड्या सुसाट असतात. तिथे खोड आणि गाडी यांत अंतर हवेच. पण दापोली-हर्णैसारख्या वळणावळणाच्या रस्त्याला तोच न्याय कशाला?

खरी हेळसांड होते ती मुळांची. पाण्याची पाइपलाइन असो वा केबल, जेसीबी साइडपट्टीतूनच चर मारतो. आमच्या वाडीच्या फाट्यावर असा चर खणला, तेव्हा जुन्या आंब्याची मनगटाएवढी मुळे एका बाजूने तुटून लोंबत होती. वर माती लोटली, काम संपले. मुळे तुटलेले झाड मिरगाच्या वाऱ्यात किती तग धरणार? ते पडले की ‘जुनी झाडे धोकादायक’ हा शेरा तयारच असतो. बुंध्यापर्यंत डांबर नि काँक्रीट ओततात तेही तसेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. तेवढे आपल्याकडेही करता येईल.

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात दापोली-मंडणगडात झाडे कोसळून रस्ते बंद पडले. लोकांची भीती खोटी नाही. म्हणूनच पोकळ खोडांची तपासणी आणि छाटणी मे महिन्यातच व्हावी. वायरींसाठी एकाच बाजूने फांद्या उतरवल्या तर झाडाचा तोल जातो, हे छाटणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवे.

गेरू-चुन्याचे पट्टे इथल्या पावसात टिकत नाहीत. श्रावणापर्यंत खोडावर शेवाळ चढते नि रात्री काही दिसत नाही. तिथे रिफ्लेक्टर हवेत, तेही खिळे न ठोकता बांधलेले. नवी लागवड वळणाच्या आतल्या बाजूला नको, समोरचे वाहन दिसत नाही. ठिसूळ गुलमोहराऐवजी उंडी, करंज, बकुळ लावावीत. जांभूळ जरा आत, कारण फळांच्या सड्यावरून दुचाक्या घसरतात.

शहरांसाठीच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून संरक्षण मिळाले. खेड्यातल्या रस्त्यावरचा तेवढाच जुना वड मात्र त्यात बसत नाही. निदान रुंदीकरणाची निविदा काढण्यापूर्वी सार्वजनिक बांधकाम विभागाने प्रत्येक झाड नकाशावर दाखवावे, कुठले का तोडणार ते लिहावे आणि तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा.

आपला,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी