कच्च्या कैद्याने पश्चात्ताप कशाचा करायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात नुकतीच कारागृहातल्या एका नाट्यप्रयोगाची बातमी वाचली. सोबत फोटो होता. पहिल्या रांगेत पाहुणे, गळ्यात शाली, हातात रोपटी. खाली पाहुण्यांची नावं पदांसकट ओळीने दिलेली. बंद्यांची नावं छापत नाहीत, ते बरोबरच आहे. पण नाटकात काय होतं, कुणी लिहिलं, बघायला कोण बसलं होतं, यातलं काहीच नाही. ‘बंदीबांधवांनी व्यसनमुक्तीचा संदेश दिला’, संपलं. तुरुंगातलं नाटक थोडंफार जवळून पाहिलेला माणूस म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर कापा, पण कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्यांबद्दलचं तेवढं राहू द्या.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. मूळचा पवनीकडचा. वडील खडी गमतीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवत, तीच पुढे माझ्या गळ्यात आली. नागपुरात इंदोऱ्याला आल्यावर वस्तीतल्या पोरापोरींना जमवून नाटकं करू लागलो. नाल्याचं पाणी घरात शिरतं त्यावर, रेशनच्या अंगठ्यावर, घरकामाला जाणाऱ्या बायांवर चोरीचा आळ येतो त्यावर. सभागृहाचं भाडं आम्हाला कधी परवडलं नाही आणि खरं सांगायचं तर गरजही पडली नाही. चौकात सतरंजी टाकली की झालं. या कामातूनच एका संस्थेसोबत विदर्भातल्या एका कारागृहात नाटक बसवायला जाणं झालं. कुठल्या, ते लिहीत नाही. तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही.

पहिली गाठ पडली ती झडतीशी. ढोलकी उलटीपालटी करून बघितली, वाजवून बघितली, आणि बाहेरच ठेवायला सांगितली. का, तर दोरी. ढोलकीला ताण द्यायला चांगली लांब सुती दोरी असते, आणि तुरुंगात दोरी म्हणजे काय ते सांगायला नको. मग मी नटबोल्टची ढोलकी नेली. तर ती सुरात आणायला पाना लागतो, आणि पाना म्हणजे लोखंड! वॉर्डर बिचारा म्हणाला, “काका, तुमचं खरं आहे, पण माझी नोकरी आहे.” त्याचंही खरंच होतं. शेवटी हलगी चालली. तिला ना दोरी, ना पाना. फक्त कातडं शेकायला विस्तव लागतो, तर ती आम्ही उन्हात धरून ठेवायचो. नागपूरकडच्या उन्हाचा एवढा उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

दुसरी अडचण वेळेची. आमच्याकडे झाडीपट्टीत नाटक रात्री दहाला उभं राहतं आणि पहाटे भैरवी होते. इथे दिवस मावळायच्या आत गिनती होऊन बराकी बंद. म्हणजे दुपारच्या जेवणानंतर जेवढा वेळ मिळेल तेवढीच तालीम.

तिसरी अडचण मात्र अशी हसून सोडण्यासारखी नव्हती. आम्हाला सांगण्यात आलं की नाटकात पक्के, म्हणजे शिक्षा झालेले, कैदीच घ्या. कारण उघड आहे. जन्मठेपेचा माणूस कुठे जात नाही. त्याचं पाठांतर होतं, तालीम होते, प्रयोगाच्या दिवशी तो हजर असतो. कच्च्या कैद्याचं तसं नाही. आज त्याची पेशी, उद्या जामीन, परवा दुसऱ्या जेलला बदली. मुख्य भूमिकेतला पोरगा सुटला याचं नाटकवाल्याला वाईट वाटावं, अशी ही पंचाईत.

पण आत असतं कोण? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे कच्ची. हे सरकारचेच आकडे आहेत. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. या तिघांना बाजूला ठेवून उरलेल्या एकाला घेऊन जे होतं, त्यालाच आपण ‘कारागृहातलं नाटक’ म्हणतो. मैसूरला हुलुगप्पा कट्टीमनी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून कैद्यांना घेऊन नाटकं उभी केली, पोलीस बंदोबस्तात तुरुंगाबाहेरच्या रंगमंचांवर नेली. मोठं काम आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण तेही मुख्यतः शिक्षा झालेल्यांचं. कच्च्याचं काय करायचं, याचं उत्तर तिथून मिळत नाही.

ते मिळालं आमच्या खडी गमतीत. ती उभ्या उभ्या होते, म्हणून खडी. पडदा नाही, विंग नाही. शाहीर, वाद्यं, बायकी सोंग घेणारा नाच्या आणि सोंगाड्या, एवढ्यावर रात्र निघते. एखादा आला नाही तर त्याची जागा दुसरा घेतो, बोलणं ज्याचं त्याने तिथल्या तिथे जुळवायचं. लहानपणी आमच्या फडातला नाच्या तापाने पडला, तेव्हा पेटीवाल्याने पेटी सोडून लुगडं नेसलेलं मला आठवतं. ज्या नाटकात माणूस बदलला तरी नाटक अडत नाही, ते कच्च्या कैद्याचं नाटक.

ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल हेच दुसऱ्या वाटेने सांगत होते. लष्करी राजवटीने १९७१ मध्ये त्यांना पकडून छळलं, देश सोडायला लावला. पुढे त्यांनी असं नाटक रुजवलं की प्रसंग चुकीच्या वळणावर गेला की बघणाऱ्याने ‘थांबा’ म्हणायचं, उठून पात्राची जागा घ्यायची आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. आमच्या संस्थेतल्या मुलीने हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पोरी, आमच्याकडे शेवटच्या रांगेतला म्हातारा सोंगाड्याला अर्ध्यात थांबवून सुनावतो, तेच ना हे!

तर कच्च्या कैद्यांसोबत आम्ही एक प्रसंग घेतला. पोराला जामीन झालाय, पण जामीनदार नाही. त्याची माय जामीनदार शोधत फिरते. कुणाकडे सातबारा आहे, पण तो भावकीत अडकलाय. कुणाकडे घरटॅक्सची पावती आहे, पण त्याची बायको नको म्हणते. तिसरा पैसे मागतो. मायचं काम करणारा पोरगा पदर घ्यायला लाजत होता, मागचे हसत होते. तेवढ्यात एक जण उठला, म्हणाला, “थांब. तू काहून रडते? माही माय अशी रडत नाही. ते भांडते.” आणि त्याने माय अशी काही उभी केली की तहसील ऑफिसातल्या सॉल्व्हन्सीच्या, म्हणजे ऐपतीच्या दाखल्याच्या, खिडकीवरचा बाबू झालेला माणूस खरंच मागे सरकला. म्हणे, “साहेब, मी चार घरची भांडी घासतो, मले कोन जामीनदार देईन? तुमीच राहा ना.” हा प्रसंग नंतर बराच वेळ चालला. कुणी बाबू होऊन लाच मागितली, कुणी वकील होऊन फोन उचलला नाही.

आणि मग दाराशी उभा असलेला वॉर्डर बोलला. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, असं तो म्हणाला. बरोबर आहे. ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे तसा. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर अट बदलता येते का, हे न्यायालय आपणहून बघू शकतं, असंही त्यात आहे. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना काढली, जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्या कच्च्या कैद्याला तेव्हाच्या नियमाने ४०,००० रुपयांपर्यंत मदत देणारी. तिथे बसलेल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होतं? हात वर करायला सांगितले असते तर वॉर्डरचा एकट्याचा वर गेला असता. तालमीनंतर त्याच्याभोवती जी गर्दी झाली, तेवढी माझ्या हलगीभोवती कधी झाली नाही.

आता पाहुण्यांच्या कार्यक्रमाचं सांगतो.

पोरांनी स्वतःहून एक सोंग बसवलं होतं. नवा कैदी येतो. रायटर, म्हणजे नोंदी लिहिणारा कैदी, त्याला एकच विचारतो, “आडनाव?” नागपूरकडे आडनाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, हे वाचकांना सांगायला नको. सोंगाड्या एक आडनाव सांगतो, त्याच्या हातात झाडू येतो. घाबरून दुसरं सांगतो, झाडू जाऊन पळी येते. तिसरं सांगतो, पळी जाऊन पुन्हा झाडू, आणि वर संडासाची बादली. चौथ्या वेळी तो म्हणतो, “साहेब, तुमाले कोनतं पायजे ते तुमीच लिहा ना, मी तेच म्हनतो.” सगळी बराक लोळली. जे हसत होते त्यातले निम्मे झाडूवालेच होते.

सर्वोच्च न्यायालयाने एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जातीवर कामं वाटणारे तुरुंगाचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला. या निकालाला तेव्हा फार दिवस झालेले नव्हते. म्हणजे पोरं कायद्याच्या बाजूने बोलत होती. तरीही निरोप आला, अगदी सभ्यपणे. बाकी सगळं छान आहे, तेवढं आडनावाचं गाळा, पाहुणे येणार आहेत. त्याच्या जागी काय? व्यसनमुक्ती! दारू पिऊन वाया गेलेला पोरगा, रडणारी माय आणि शेवटी हात जोडून ‘आम्ही चुकलो’ असं समूहगीत. भूमिकेत तेच पोरगे, ज्यांचे खटले अजून सुरू व्हायचेत.

माझा मुद्दा एवढाच आहे. ज्याचा गुन्हा सिद्ध झाला, त्याच्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा ठेवा, समजू शकतो. कच्च्या कैद्याला कायदा निर्दोष धरतो आणि आपण त्याला स्टेजवर उभं करून माफी मागायला लावतो. पाहुणे टाळ्या वाजवून जातात आणि घरी जाऊन म्हणतात, सुधारली हो पोरं. सुधारली म्हणजे काय? आधी बिघडली होती हे कुणी ठरवलं? दारूवर नाटक करू नका असं मी म्हणत नाही. त्यावर आम्हीही केलंय, दारूने आमच्या वस्तीतली घरं बसली आहेत. पण विषय कुणी निवडायचा, हा प्रश्न आहे. अहमदाबादच्या छारानगरात विमुक्त जातींच्या मुलांनी १९९८ पासून बुधन थिएटर चालवलं, ते बंगालात कोठडीत मेलेल्या बुधन सबर या माणसाच्या नावाने. जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या त्या पोरांनी स्टेजवर माफी मागितली नाही, आमच्या माणसाला का मारलं ते विचारलं. आमच्याकडच्या पारधी बेड्यांवर, म्हणजे वस्त्यांवरही, हे नाटक कळायला भाषांतर लागणार नाही.

‘गुन्हेगारांचे लाड’ म्हणणारी पत्रं यावर येतील. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांनी तुरुंगातल्या नाटकाला टाळ्या वाजवाव्यात, असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांना न्याय हवा, तो लवकर हवा, आणि खटले रखडले की तोही रखडतो. बाकीच्यांना एवढंच सांगतो की १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. तुरुंगात माणसं विचार करतात ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. भजन-अभंगाच्या स्पर्धा कारागृहांत आजही होतात, चांगल्याच आहेत. पण तुकोबांचा अभंग चालतो आणि पोराने तुकोबांसारखा एक उलटा प्रश्न केला की तो गाळायचा, हे जमत नाही.

मागणं फार नाही. नाटक बसवताना कच्चे कैदी वगळू नका. बघायला पाहुण्यांऐवजी घरचे बोलवा. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात बंद्यांच्या लेकरांसाठी गळाभेटीचे कार्यक्रम झालेले आहेत, म्हणजे घरच्यांना आत आणायची सोय होऊ शकते. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना खुर्ची द्या, पण हातात वही घेऊन बसवा. आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार त्याच्या सुटकेचा अर्ज अधीक्षकांनीच न्यायालयात करायचा आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले सोडून. यावर एक गंमत उभी केली तर वकिलांना वहीची दोन पानं नक्की भरावी लागतील. आणि संपादक महाशय, तुमच्या वार्ताहराला पुढच्या वेळी पाहुण्यांचे फोटो झाल्यावर लगेच निघू नको म्हणून सांगा.

आम्ही परवानगीसाठी नवा अर्ज दिला आहे. त्यातल्या ‘नाटकाचा विषय’ या रकान्यात ‘जामीनदार’ एवढंच लिहिलंय, आणि संहिता जोडा म्हटलंय तिथे ‘कलाकार ऐनवेळी जुळवतील’. हे कुणाला पटेल का, ठाऊक नाही. उत्तर आलं की आपल्याला कळवीन.

आपला,
एक हलगीवाला (निवृत्त टपाल कर्मचारी)
इंदोरा, नागपूर