आशाताई, तुम्ही बाळाच्या आईचीही चौकशी केलीत

आदरणीय आशाताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, ते माझं कामच आहे" म्हणता आणि पुढच्या घरी जाता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशा सेविकेने घरी येऊन बाळ बघायचं असतं. या सगळ्या भेटींचा मिळून केंद्र सरकारने ठरवलेला मोबदला २५० रुपये. आपल्या वाडीच्या चढावर उन्हात एकदा येऊन जाणंसुद्धा त्या पैशांत होत नाही. रकाने भरून तुम्ही निघून गेला असतात, तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. सासूबाईंनी काही कमी पडू दिलं नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं वेळच्या वेळी. तरीही मला रडू यायचं. लेक रडली की छातीत धडधडायचं, आणि ती गप्प झाली की तिचा श्वास चालू आहे ना, हे बघत मी रात्र काढायची. घरात लक्ष्मी आली म्हणून सगळे आनंदात होते. त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगणार?

त्या दिवशी तुम्ही तिला झोळीत घालून वजन केलंत, घड्याळ लावून श्वास मोजलेत, ताप बघितलात. मग वही मिटून मला विचारलंत, "बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का गं?" नंतर, "जेवण जातं का?" मग तुम्ही सासूबाईंना प्यायला पाणी आणायला सांगितलंत, आणि त्या आत गेल्यावर आवाज खाली करून म्हणालात, "मनात नको ते विचार येतात का? जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का?" इतक्या दिवसांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. तुम्ही दचकला नाहीत, उपदेशही केला नाहीत. माझा हात धरून बसलात.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत रडू येणं बऱ्याच बाळंतिणींना होतं आणि ते आपोआप जातं, पण त्यापुढे टिकलं तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे तुमच्याकडून कळलं. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता, त्यात बाळंतपणानंतरच्या या आजाराचं प्रमाण २२ टक्के निघालं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. म्हणजे पाच जणींत एकीला. मग आपल्या वाडीत माझ्याआधी कितीजणींनी हे मुकाट्याने काढलं असेल, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

घरात कुणी दृष्ट काढा म्हणत होतं, कुणी देवऋषाचं नाव घेत होतं. तुम्ही कुणालाही दुखावलं नाहीत. "दृष्ट काढा, आणि सोमवारी हिला जिल्हा रुग्णालयातही नेऊ," एवढंच म्हणालात आणि स्वतः बरोबर आलात. तिथे डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइडही बघितलं, कारण बाळंतपणानंतर ते बिघडलं तरी माणूस असं खचतं. दूध पाजत असतानाही चालतील अशी औषधं मिळाली. रात्री-अपरात्री लागला तर म्हणून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तुम्ही माता-बाल कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलात. औषधाला गुण यायला काही आठवडे लागले. त्या काळात तुम्ही वहीत नसलेल्या दिवशीही डोकावून जायचात.

दुसऱ्या गोष्टीसाठी मी तुमची जास्त ऋणी आहे. बारशाला आलेली प्रत्येक बाई "आता पुढच्या खेपेला मुलगा" म्हणून गेली. त्याच आठवड्यात मी तुम्हाला म्हणाले, माझं ऑपरेशनच करून टाका. नसबंदी शिबिराच्या यादीत नाव घालायला माझं तेवढं बोलणं पुरेसं होतं. तुम्ही म्हणालात, "कायमचा निर्णय आजारपणात घेऊ नये. आधी बरी हो. मग दोघं मिळून ठरवा, एक ठेवा नाहीतर दोन." आणि घरच्यांना, "तीन वर्षं तरी दुसऱ्याचं नाव काढू नका, हिचं अंग भरून यायला हवं." तोवर काय वापरायचं तेही समोर मांडलंत: निरोध, कॉपर टी, दर तीन महिन्यांनी अंतरा इंजेक्शन, नाहीतर छाया गोळी. छाया अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मी ती निवडली.

आमचे हे चाकणला कंपनीत, रविवारीच घरी. तुम्ही मुद्दाम रविवारी आलात आणि त्यांच्याशी बोललात. नसबंदी पुरुषाचीही होते, टाका पडत नाही, जागा बधिर करून काही मिनिटांत होते आणि त्याच दिवशी घरी येता येतं, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी स्वतःची नसबंदी झालेल्या ३७.९ टक्के आणि नवऱ्याची झालेल्या ०.३ टक्के होत्या. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली, तरी भार बाईवरच आहे. मला याचा राग येतो.

मी पूर्ण बरी झाल्यावर, लेक अंगणभर पळायला लागल्यावर, आम्ही दोघं शांतपणे बोललो. एकच मुलगी पुरे, असं ठरलं. आजारपणात मी तेच म्हणत होते, पण तेव्हा ते भीतीपोटी होतं. आता लेकीला काय द्यायचं, मला माझं डी.एड. कसं पुरं करायचं, याचा हिशोब करून ठरवलं. नसबंदी ह्यांनी करून घेतली. पुढचे तीन महिने निरोध वापरून मग तपासणी करायची असते, तीही तुम्ही आठवणीने करवून घेतलीत. सासूबाई काही दिवस गप्प होत्या. आता नातीला "माझा वंशाचा दिवा" म्हणतात.

खालच्या आळीत परवा एक सून बाळंत होऊन आली आहे. तिच्या घरी जाताना मला हाक मारा, मी बरोबर येते. तिला माझं सगळं सांगितलंत तरी चालेल, नावानिशी सांगा.

तुमची,
वरच्या आळीतली सून